इथे एकदाच विचारतात

बर्मिंगहॅम
१६ जानेवारी १९९४

दादा,

आधी सॉरी. स्पेलिंग सगळी चुकणार आहेत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून कळत नाही, आणि तो-ती-ते पण. आणि मी एका बोटाने टाइप करतेय, म्हणून फार स्लो चाललंय. अक्षर शोधेपर्यंत वाक्य विसरते.

मंडळाचा मराठी टाइपरायटर सध्या आपल्या डायनिंग टेबलवर आहे. आई म्हणते, आता सगळ्यांनी किचनमध्ये उभं राहून जेवा. पद्माकरकाकांनी आणला. तेच काका, संडे क्लासला बाराखडी घ्यायचे आणि तू चुकलास की “साहेब झालात का उदयराव?” म्हणायचे ते. ते आईला हळू आवाजात म्हणाले, “शाळा तर सुटली पोरीची. निदान मंडळाचं वार्तापत्र टाइप करू दे, वेळ जाईल.” मी जिन्यात होते. मग हॉलमध्ये येऊन मला एकदम मोठ्यांदा म्हणाले, “अनुराधा, आम्हाला तुझ्यासारखी हुशार मुलगी हवीच होती!” मी थँक्यू म्हटलं.

तुझा पत्र मिळाला. तू ग्लासगोला गेल्यापासून मी तुला काहीच लिहिलं नाही, आणि फोनवर पण “आईला देते” एवढंच. तरी तू लिहिलंस.

तू विचारलंयस की शाळांसाठी तुमची टीम जो व्हिडिओ करतेय, ग्लू आणि लायटर गॅस हुंगायच्या नशेपासून मुलांना लांब ठेवायचा, त्यात मी माझी स्टोरी सांगेन का. पाठ कॅमेऱ्याकडे, नाव बदलून. मार्चच्या शेवटी शूटिंग, आणि तू ट्रेनचं तिकीट पाठवशील. हा व्हिडिओ मग तिकडच्या सगळ्या शाळांमध्ये जाणार. तू लिहिलंयस, माझ्यामुळे एखादी मुलगी वाचेल.

हो. चालेल. मी येईन.

हे “हो” टाइप करायला खूप वेळ लागला पण तो टाइपरायटरमुळे.

तू मला इंग्लिशमध्ये लिहितोस. मी पण ट्राय केलं, पण इंग्लिशमध्ये लिहिलं की ते तुझ्या लीफलेटसारखं व्हायला लागतं. “पीअर प्रेशर” लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप येतं आणि ते माझं नसतं. मराठीत मला ते शब्द माहीतच नाहीत, म्हणून मराठी.

आई बरी आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलंय, त्याच्यावर रागावलेली असते. बाबा तुझं नाव काढत नाहीत. पण टीव्हीवर वेदर लागलं की स्कॉटलंड होईपर्यंत उठत नाहीत.

अनु


३० जानेवारी १९९४

दादा,

स्क्रिप्ट मिळाली. थँक्यू. तू माझं नाव मीना ठेवलंस. छान आहे.

दोन-तीन गोष्टी लिहू का? चेंज नाही केल्यास तरी चालेल.

पार्कचा सीन आहे ना, त्याच्यात चार मुली मीनाच्या भोवती उभ्या राहतात आणि म्हणतात, कम ऑन, बेबी आहेस का, सगळे करतात. मीना नाही म्हणते. त्या परत म्हणतात. ती परत नाही म्हणते. त्या हसतात. शेवटी ती रडत रडत कॅन घेते.

दादा, तसं नव्हतं झालं. पार्क पण नव्हता, कॅनॉलची बाजू होती, आणि फक्त डोना होती. आणि डोनाने मला फोर्स केलं नाही. तिने एकदाच विचारलं.

हे नीट सांगायचं तर मला मागे जायला लागेल. मी डोनाकडे पहिल्यांदा खेळायला गेले तेव्हा सात वर्षांची असेन. संध्याकाळी तिच्या मम्मीने विचारलं, “जेवायला थांबतेस का, लव्ह?” मी म्हटलं, नो थँक्यू. भूक लागलेली. पण आईने शिकवलं होतं ना, दुसऱ्याकडे गेल्यावर लगेच हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. सुप्रभामावशीकडे कसं असतं? मावशी पुरणपोळी घेऊन येते. मी म्हणते नको. मावशी म्हणते, “अगं एवढीशी तर आहे.” मी ताटावर हात धरते. मावशी म्हणते, “हात काढ, नाहीतर हातावर वाढीन.” मी हसते, नको हो मावशी. आणि पोळी ताटात, वर तूप. मावशी पण खूश, मी पण, आईची मान पण वर.

तर मी डोनाच्या घरी बसून वाट बघत होते की तिची मम्मी परत कधी विचारते. तिने नाहीच विचारलं. “बरं, तुझी मर्जी, पेट,” म्हणाली, आणि डोनाला आणि तिच्या भावाला फिश फिंगर्स आणि चिप्स दिले. मी सोफ्यावर बसले. कार्टून चालू होतं, माझ्याकडे पाठ करून सगळे टेबलवर जेवत होते. मला इतका रडू येत होता. आणि कोणी काही वाईट केलं नव्हतं.

तेव्हा मी शिकले. इथे एकदाच विचारतात. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं, नाहीतर गेलं. मग मी बाहेर सगळ्यालाच हो म्हणायला लागले. स्वीट हवं? हो. नेटबॉलला नाव देऊ? हो. मला नेटबॉल आवडत पण नाही. कोणी विचारलं की माझ्या तोंडातून आधी हो यायचं आणि नंतर मी विचार करायचे की मला हवं आहे का.

कॅनॉलवर डोनाने गॅसचा कॅन पुढे केला आणि म्हणाली, “हवंय?” बस. चिप्सच्या पॅकेटसारखं. मला नको होतं. पण मी हो म्हटलं, लगेच. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “रिअली? तू?” तिला वाटलं होतं मी नाहीच म्हणणार. तिने नुसतं मॅनर्स म्हणून विचारलं होतं.

म्हणून त्या चार मुली काढता येतील का? कोणी हसलं नव्हतं. मला लाज वाटते हे लिहायला, कारण चार मुली असल्या की निदान अर्धी चूक त्यांची होते. इथे सगळं मीच.

डोना आता बेकरीत आहे. चांगली आहे. तिला कोणी व्हिडिओमध्ये घेऊ नये असं मला वाटतं.

पण तुला परत सगळं टाइप करायला लागणार असेल तर असू दे, त्या चार मुली राहू देत.

अनु


२० फेब्रुवारी १९९४

दादा,

फोनवर मी नीट बोलले नाही म्हणून सॉरी. बाबा हॉलमध्ये शूजला पॉलिश करत होते. नाइट शिफ्टचे शूज ते दुपारी पॉलिश करत नाहीत कधी. तू आहेस हे त्यांना कळलं होतं आणि ते ऐकत होते. त्यामुळे मी फक्त “अं” म्हणत होते. तू त्याला हो समजलास का?

तू म्हणालास, कॅमेऱ्यासमोर बसायला भीती वाटत असेल तर नुसता आवाज घेऊ. मी “अं” म्हटलं. मग म्हणालास, आवाज पण नको असेल तर एक कॉलेजची मुलगी आहे, ती तुझ्या ऐवजी वाचेल, तू फक्त बाजूला बस. मी “अं” म्हटलं. मग म्हणालास, बरं, बसू पण नकोस, फक्त ये, दोन दिवस राहा माझ्याकडे. दादा, तू सुप्रभामावशीसारखा वाढत होतास. एवढीशी तर आहे.

आईची तुला एक गोष्ट सांगते, ती स्वतः तुला सांगणार नाही. काल मंडळाचं हळदीकुंकू होतं, चर्चच्या हॉलमध्ये. माझं ते सगळं झालं तेव्हापासून आई गेलीच नव्हती. प्रत्येक वेळी हॉस्पिटलमध्ये शिफ्ट घ्यायची. या वर्षी म्हणाली, जाऊ या, आता किती दिवस. तिने हिरवी साडी नेसली आणि मला पण पंजाबी ड्रेस घालायला लावला. गेटच्या बाहेर पाच मिनिटं आम्ही उगाच उभ्या होतो, ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. काही शोधत नव्हती.

आत सगळ्या छान बोलल्या. तेच तर. इतक्या छान बोलल्या की आई थकून गेली. “या या, किती दिवसांनी!” “अनुराधा, उंच झालीस गं!” आणि तिळगूळ हातात देताना प्रत्येकजण माझ्या डोळ्यांकडे बघत होती. लाल आहेत का. मग नाकाकडे. मी ठरवलं होतं सरळ बघायचं, पण मी खालीच बघत होते आणि मग ते आणखीनच तसं दिसलं असणार.

सुप्रभामावशीने आम्हाला बाजूला घेतलं. तिची शिल्पा आता सिक्स्थ फॉर्ममध्ये आहे, मेडिसिनला अप्लाय करणार. मावशी स्वतः डॉक्टर, ती कशाला वाईट बोलेल. मला म्हणाली, “बारीक झालीस. जेवतेस ना?” मी हो म्हटलं. मग आईला म्हणाली, “उदयचं छान चाललंय म्हणे तिकडे. या कामाची फार गरज आहे हो. आपल्या घरात होईपर्यंत कुणाला कळत नाही.” आई म्हणाली, “हो ना.” मावशी म्हणाली, “आणि हिच्या शाळेचं?” आई म्हणाली, “ती टाइप करते.” एवढंच म्हणाली आणि ओटीतले तांदूळ सारखे करायला लागली, जे आधीच सारखे होते.

बसमध्ये आई म्हणाली, “बरं झालं, एकदा जाऊन आलो.”

म्हणजे बघ, मला राग नाही आलाय कोणाचा. पण व्हिडिओचं मी हो म्हटलं होतं ते मला परत विचार करायचं आहे. चालेल का?

आणि एक विचारते. तुला आठवतं का, आमच्या शाळेत गॅसवरचा लेसन घ्यायला येण्याआधी तू मला घरी विचारलं होतंस? संडे होता, सगळे जेवत होतो. तू म्हणालास, “अनु, तुझं एक्झांपल दिलं तर चालेल का? नाव नाही घेणार.” मी म्हटलं, नको. तू म्हणालास, “अगं, नाव नाही घेणार म्हटलं ना.” मी म्हटलं, नको रे दादा. बाबा म्हणाले, “चांगल्या कामासाठी विचारतोय तो.” तू म्हणालास, “कोणाला कळणार आहे?” आणि आईने मला भात वाढला. मी काही बोलले नाही. मी भात खाल्ला.

तुला हे आठवतं का एवढंच लिही.

अनु


६ मार्च १९९४

दादा,

तू लिहिलंयस की तुला ते जेवण आठवत नाही, पण मी चालेल म्हटलं असणार, नाहीतर तू केलंच नसतंस. मला पण तसंच वाटतं. तू मुद्दाम कधी काही केलं नसतंस.

आज मी सगळं लिहिणार आहे. आई-बाबा पद्माकरकाकांकडे गेलेत. मधे थांबले तर मी परत लिहिणार नाही, म्हणून चुका दुरुस्त नाही करणार.

स्क्रिप्टच्या शेवटच्या पानावर आहे की गॅसमुळे मीनाची शाळा सुटली, आणि मग एका लेसनने तिचं आयुष्य बदललं. तू हे खरं समजून लिहिलंयस. आई-बाबांना पण तेच वाटतं. मीच कधी सांगितलं नाही.

गणपतीच्या आधी आई मखराचं थर्माकोल काढायला माझ्या खोलीतल्या वरच्या कपाटात चढली. थर्माकोलच्या मागे माझे कॅन होते. ती ओरडली नाही. ती खाली कार्पेटवर बसली, मांडीवर ते थर्माकोलचे खांब, आणि म्हणाली, “हे काय गं?” जसं काय मला पण माहीत नसणार. त्या दिवशी मी बंद केलं, दादा. त्याच दिवशी. डोनाला सांगितलं, डोना म्हणाली, ओके. परत कधी विचारलं नाही तिने. त्या बाबतीत ते लोक बरे.

तुझा लेसन नोव्हेंबरमध्ये होता. मी शाळेत जात होते. मॅथ्समध्ये टॉप सेटला होते, होमवर्क देत होते. सगळं ठीक होत होतं. आईने बाबांना सांगितलं होतं, बाबांनी तुला, आणि डोना सोडली तर घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

मग तू आलास. प्रोजेक्टर घेऊन, तो ब्राऊन जॅकेट घालून. मला आधी खूप प्राउड वाटलं, खरंच. मुली म्हणाल्या, हा तुझा ब्रदर? ही इज नाइस. तू “नाही” म्हणायच्या सहा पद्धती शिकवल्यास. मग म्हणालास, मी तुम्हाला एका मुलीबद्दल सांगतो. नाव घेणार नाही. तुमच्याएवढीच आहे. एशियन आहे, चांगल्या घरातली, आई-वडील दोघं प्रेमळ. आणि तिच्या मदरला हे कधी कळलं, तर धार्मिक फेस्टिव्हलचं डेकोरेशन कपाटातून काढताना.

तू नाव घेतलं नाहीस. अजिबात नाही घेतलंस.

आमच्या वर्गात आपल्यासारख्या दोनच मुली होत्या. मी आणि शिल्पा. सगळी मुलं आधी तिच्याकडे वळली, कारण ती पुढे बसायची. आणि शिल्पा घाबरून एकदम उभी राहून ओरडली, “इट्स नॉट मी, सर!”

मग सगळे माझ्याकडे वळले.

तू तेव्हा प्रोजेक्टरवरची शीट बदलत होतास. तुला दिसलं नाही. तू वर बघितलंस तेव्हा सगळे परत पुढे बघत होते. एकदम शांत. मी शिल्पाला दोष देत नाही. मी पुढे बसले असते तर मी पण तेच ओरडले असते.

घरी जाताना तू मला गाडीतून नेलंस. तू इतका खूश होतास. म्हणालास, “काय शांत बसले होते सगळे, अनु! दे रिअली लिसन्ड!” मी रडत होते. तू गाडी बाजूला घेतलीस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, “रड. बरं वाटेल. आज तू खरी त्यातून बाहेर आलीस.” तुझे पण डोळे भरले होते. मी काय सांगणार होते तेव्हा? तू शाळांमध्ये हे काम घेतलंस म्हणून बाबा तुझ्यावर वर्षभर चिडले होते, इंजिनिअरिंग सोडून हे काय. आणि तो पहिला दिवस होता की तुला वाटलं आपलं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कोणीतरी माझ्या मागून स्स्स केलं. कॅनचा आवाज. मी वळले, सगळे लॉकरमध्ये बघत होते. मग लंचला. मग असेंब्लीमध्ये, मागच्या रांगेतून, अगदी हळू. टीचरना वाटायचं रेडिएटर आहे. एकदा मिस्टर हॉलंडनी केअरटेकरला बोलावून रेडिएटर दाखवला पण. सगळे हसले, मी पण हसले. एक आठवडा मी गेले. मग एका सकाळी मी युनिफॉर्म घालून बसस्टॉपपर्यंत गेले, बस आली, दार उघडलं, आणि दाराचा पण तसाच आवाज झाला. मी चढले नाही. घरी आले. आईला म्हटलं पोटात दुखतंय. तेव्हापासून दुखतंयच.

शाळेतून एक बाई दोनदा आल्या. आई म्हणाली, तब्येत बरी नाही. एक्झाम्स गेल्या. सगळे धरून चालले की हे गॅसमुळे. सुप्रभामावशीच्या घरी कळलं, म्हणजे मंडळात कळलं, आणि बाबा तुझ्यावर ओरडले की घरातली गोष्ट बाहेर नेलीस. तू पण ओरडलास की लपवूनच हे वाढतं. आणि तू ग्लासगोची नोकरी घेतलीस. तुम्ही दोघं माझ्यावरून भांडत होता आणि मी जिन्यात बसून होते. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण ते खोटं आहे. नसतं सांगितलं.

मला गॅसची लाज वाटते. पण त्याच्यापेक्षा जास्त लाज कशाची माहीत आहे? की मला माझ्या दादाच्या चांगल्या कामाने मारलं आणि मी तुला पंधरा-सोळा महिने समजू दिलं की त्याने मला वाचवलं. तू तिकडे किती वर्गांमध्ये ही स्टोरी सांगितलीस? प्रत्येक वर्गात एक पुढे बसणारी असेल आणि एक मागे बसणारी.

तू वाईट नाहीस. तुझ्या लेसनने कोणी तरी वाचलं असेल, खरंच असेल. पण ती मी नाही.

तू शिकवलेल्या सहा पद्धतींपैकी मला एकच आठवते. अडकलेल्या रेकॉर्डसारखं तेच तेच म्हणायचं, कारण द्यायचं नाही, समोरचा थांबेपर्यंत. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याकडे हे कसं चालणार, आपल्याकडे समोरचा थांबतच नाही.

तर व्हिडिओ नको. आवाज नको. दुसरी मुलगी वाचणार तरी नको. मीना नको. आणि आता पुढे वर्गात पण माझं काही सांगू नकोस, नाव न घेता पण. नको, दादा.

टाइपरायटरवर हा शब्द मला आता न बघता येतो.

अनु


१८ मार्च १९९४

दादा,

तुझं पत्र आलं. मराठीत. तुझी अक्षरं माझ्यापेक्षा वाईट आहेत, पद्माकरकाकांना दाखवलं तर ते तुला परत पहिल्या बेंचवर बसवतील. दाखवणार नाही.

तू मीनाला काढून टाकलंस हे वाचलं. तुझ्या बॉसने काय म्हटलं ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे काहीतरी म्हटलं असणार. सॉरी. म्हणजे तुला त्रास झाला म्हणून सॉरी. बाकीचं नाही.

तू लिहिलंयस की तू दोन दिवस कामावर गेला नाहीस, आणि तुला वाटतं की हे काम सोडून द्यावं. ते मला विचारू नकोस. मला एवढंच माहीत आहे की जाशील तिथे आधी वर्गात किती मुली आहेत ते बघ, आणि प्रोजेक्टर दुसऱ्या कोणाला तरी चालवायला दे, म्हणजे तुला वर बघता येईल.

बाबांना मी अजून सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे तू बरी होतीस?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “तेव्हा बरी होतीस, आणि मी सगळ्यांना सांगत बसले तब्येत बरी नाही.” मग ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होती. संध्याकाळी तिने सुप्रभामावशीला फोन केला. मी कान लावला नाही. पण एक वाक्य ऐकू आलं कारण ते आईने मोठ्यांदा म्हटलं: “माझी मुलगी टाइप पण करते आणि मॅथ्समध्ये टॉप सेटला होती, सांगून ठेवते.” मला इतकी लाज वाटली, आणि इतकं छान पण वाटलं. दोन्ही एकदम.

कॉलेजमध्ये इव्हिनिंगला मॅथ्सचा क्लास असतो, मोठ्या माणसांसाठी. सप्टेंबरमध्ये. मी फक्त लीफलेट आणलंय. अजून काही नाही, तू फोनवर एक्साइट होऊ नकोस.

आता तुझ्या पत्राचं शेवटचं पान. चार पानं तू सॉरी म्हटलंस, इतकं चांगलं की मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं. आणि मग खाली, छोट्या अक्षरात: मुलांसमोर नाही, पण जूनमध्ये टीचर्सच्या ट्रेनिंग डेला येशील का? फक्त टीचर्स, वीसएक लोक, त्यांना हे कळायला पाहिजे, तूच सांगू शकतेस, हवं तर मी शेजारी बसेन.

दादा! मी हसले. मग रडले. मग परत हसले. तू सुधारणार नाहीस.

नको.

तुला टीचर्सना सांगायचं असेल तर तुझं सांग. तू काय केलंस आणि तुला काय दिसलं नाही ते. ते तुझं आहे, त्याला मला विचारायला नको.

आणि मी तुला एक विचारते. ईस्टरला घरी येतोस का? बाबा काही म्हणणार नाहीत. म्हटले तर मी जिन्यात बसणार नाही, खाली येईन. मी परत विचारणार नाही, आईला पण विचारू देणार नाही. एकदाच विचारलंय. नको असेल तर नको म्हण, मी तेच समजेन.

थांब, बाहेर हॉर्न वाजतोय.

दादा, आई ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली! कोणाला न सांगता लेसन घेत होती, लॅबमधल्या एका बाईच्या नवऱ्याकडे! गाडी अर्धी पेव्हमेंटवर आहे आणि बाबा चपला न घालता रस्त्यात उभे राहून तिला रिव्हर्स सांगतायत आणि ती काच खाली करत नाहीये.

अनु